नाडी न लागणारा माणूस



आपल्याकडे कोणी बेशुद्ध पडला की एखादा वडीलधारा पुढे होऊन त्याचे मनगट हाती घेतो आणि सारे घर त्या वडीलधाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागते. आज ज्या रोग्यांविषयी आम्ही बोलणार आहोत, त्यांच्या बाबतीत ही पिढ्यांची रीत दगा देते.

हृदयाचा डावा कप्पा थकला की त्याच्या टोकाशी पंप बसवतात. 'हार्टमेट ३' या पंपातील चाक चुंबकाच्या बळावर अधांतरी राहून मिनिटाला पाच हजारांहून अधिक फेरे घेते. मोटेचे पाणी हिसक्याहिसक्याने पडते, विजेच्या पंपाचे एकसारखे. रक्ताचेही तसेच होते. म्हणून नाडी बहुधा हाताला लागत नाही. १९६६ साली ह्यूस्टन येथे डॉ. मायकेल डीबेकी यांनी एका स्त्रीच्या हृदयाला पंपाचा आधार दिला तो दहा दिवस. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नव्या पंपाचे शंभरांतील ५८ रोगी पाच वर्षांनीही हयात होते. म्हणजे शुश्रूषा आता घरच्यांच्या हाती आली.

पंपाची वायर पोटाच्या कातडीतून बाहेर येते. ती जागा म्हणजे जंतूंना कायमची उघडी वाट. हात धुऊन, तोंड झाकून पट्टी बदलायची, वायरीला हिसका बसू द्यायचा नाही. नदीत डुंबणे बंद. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन कमी पडले तर गुठळी, जास्त झाले तर रक्तस्राव. त्यामुळे वरचेवर रक्त तपासावे लागते. मेथी-पालक सोडू नये, पण प्रमाण रोजचे ठेवावे. शेजारणीने सुचवलेला काढा मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये. प्रेमापोटी घडणारे घोटाळे आम्हांला फार भेटतात.

दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी कधीही काढू नयेत. वीज गेली तर काय करायचे, हे रोगी घरी येण्यापूर्वीच ठरलेले असावे. रात्री भोंगा वाजेल या धास्तीने त्याची बायको जागीच असते. पट्टी आणि बॅटरीचे काम घरातल्या दुसऱ्या कोणीही शिकून घ्यावे, म्हणजे तिला झोप मिळेल.

आणि तो रस्त्यात कोसळला तर? श्वास पाहा, छातीला कान लावा. गुणगुण ऐकू आली तर पंप चालू आहे. तरीही रुग्णवाहिका बोलवाच. शुद्ध नाही, गुणगुणही नाही, तर वायरी आणि बॅटऱ्या नीट जोडल्या आहेत का ते पाहा; पंप सुरू झाला नाही तर छाती दाबायला लागा. त्याच्याजवळच्या पिशवीत जादा बॅटऱ्या, दुसरा नियंत्रक आणि इस्पितळाचा दूरध्वनी क्रमांक असतो. ती पिशवी रस्त्यात राहू देऊ नका. त्याच्याबरोबरच गाडीत चढवा.