सर्वांत मोठा दिवस आणि चीनचा शेतकरी
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



२१-२२ जूनचा दिवस वर्षातला सर्वांत मोठा. चीनमध्ये त्याला 'शियाझ' म्हणतात, म्हणजे उन्हाळ्याची परिसीमा. तेथील लोक हा दिवस कसा पाळतात हे आज सांगणार आहे, कारण त्या चालीरीतींच्या मुळाशी शेती आहे.

चिनी पंचांगात सूर्याच्या गतीनुसार वर्षाचे २४ भाग केलेले आहेत. प्रत्येक भाग सुमारे १५ दिवसांचा. इ.स.पूर्व १०४ मध्ये हे भाग राजपंचांगात आले आणि २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांची सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद घेतली. मोजण्याचे साधन अगदी साधे होते. जमिनीत खांब रोवायचा आणि भर दुपारी त्याची सावली मोजायची. ती वर्षात सर्वांत आखूड पडली की शियाझ.

या सुमारास उत्तर चीनमध्ये गव्हाची काढणी नुकतीच आटोपलेली असते. म्हणून बीजिंगकडे या दिवशी शेवया खातात. त्या उकडून गार पाण्यातून काढतात, म्हणजे उन्हात पोटाला थंडावा मिळतो. पितरांनाही नव्या धान्याचा नैवेद्य दाखविण्याची चाल होती. बीजिंगमध्ये १५३० साली बांधलेल्या चौकोनी वेदीवर सम्राट स्वतः या दिवशी भूमीची पूजा करीत. सुंग राजवटीत अधिकाऱ्यांना तीन दिवस सुट्टी असे.

शेतकऱ्याला मात्र सुट्टी नव्हती. शियाझला पिकाच्या बुडाशी तण राहू देणे म्हणजे विषारी साप पाळणे, अशा अर्थाची म्हण तिकडे आहे. ऊन आणि पाऊस एकत्र आले की तण पिकाच्या पुढे धावते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

आता मुद्द्याची गोष्ट. हे पंचांग पीत नदीच्या खोऱ्यात तयार झाले. दक्षिणेला यांगत्से खोऱ्यात याच सुमारास आलुबुखार पिकण्याच्या दिवसांतला झडीचा पाऊस लागतो. तारीख एकच, पण कामे वेगळी. म्हणून निरनिराळ्या भागांतील शेतकऱ्यांनी आपापल्या म्हणी रचल्या.

आपल्याकडे याच सुमारास सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो. आपली नक्षत्रेही सूर्यावरच मोजली जातात. सूर्य तारीख चुकवीत नाही, पाऊस चुकवितो. नक्षत्र लागले म्हणून कोरड्यात सोयाबीन पेरले आणि पावसाने ताण दिला, तर दुबार पेरणीचा खर्च आपल्याच बोकांडी बसतो. तेव्हा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल झाल्यावरच पेरणी करावी.

पंचांग भिंतीवर जरूर असू द्या. पण पाभर जोडण्याआधी मूठभर माती हातात घेऊन ओल बघा.