नौकेच्या इंजिनाची धूरनळी



आखाडा बाळापूरकडच्या मंडळींना आज मी नौकेविषयीं सांगणार आहें, याचें कोणास नवल वाटेल. पैनगंगेवरील इसापूर धरणाचा जलाशय जवळ असला, तरी समुद्र येथून कितीतरी दूर. परंतु विहिरीवरचें डिझेल इंजिन ज्यानें एकदां चालविलें आहे, त्यास हा विषय कोंकणांतल्या माणसाइतकाच लवकर उमजेल.

विहिरीवरच्या इंजिनाचा धूर उघड्या रानांत जातो. त्याची लोखंडी नळी कितीही तापली तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. इंजिन नौकेच्या पोटांत बसविलें म्हणजे मात्र तोच धूर लांकडाजवळून, माणसांच्या पायांखालून बाहेर न्यावा लागतो. पूर्ण भाराखालीं तो ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. म्हणून पुष्कळ नौकांत इंजिन थंड करून आलेलें समुद्राचें पाणी धुरांतच सोडतात. धूर निवतो, आवाज दबतो, आणि पुढें लोखंडाऐवजीं रबराची नळी चालते. १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर यास गंधकानें रबर पक्कें करण्याची युक्ति सांपडली, तिचें हें एक दूरचें फळ.

आतां नळी कोणती घ्यावी? पंपाच्या सक्शनला तारेची नळी लागते, साधी नळी चपटी होऊन बसते, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. नौकेंतही वळण असेल तेथें तारेचें वेटोळें असलेलीच नळी हवी. ती दुमडली कीं धूर कोंडतो आणि इंजिनाचा जोर जातो. कारखान्यानें सांगितलेल्या व्यासाहून ती अरुंद नसावी. कापलेल्या जागीं तारेचें उघडें टोंक झांकावें, नाहींतर खाऱ्या पाण्यानें गंज आंतल्या आंत चढत जातो.

खरा प्रश्न उष्णतेचा. पाणी वाहतें आहे तोंवर कोणतीही नळी शोभून दिसते, बाजारांतली स्वस्त प्लॅस्टिकची सुद्धां. पण पाणी घेण्याच्या तोंडाशीं एखादी पिशवी अडकली, किंवा पंपाचा रबरी पंखा तुटला, म्हणजे कोरडा धूर सरळ नळींत शिरतो. फूटव्हॉल्व्हांत कचरा अडकल्याचें दुःख आपणांस ठाऊकच आहे! अमेरिकेंत या नळ्यांसाठीं एसएई जे २००६ हें प्रमाण आहे. इंजिन पूर्ण जोरावर असतां पाणी साफ बंद झालें, तरी नळीनें २ मिनिटें टिकलें पाहिजे, अशी त्याची अट. तेवढ्या वेळांत सावध तांडेल इंजिन बंद करतो. माझ्या मतें नळी निवडावयाची ती याच दोन मिनिटांसाठीं. इतर दिवस ती कशी वागते, यास फारसें महत्त्व नाहीं.

कारण एकदां भाजलेली नळी पुढें केव्हांतरी फाटते. मग इंजिनाचाच पंप समुद्राचें पाणी नौकेच्या पोटांत भरूं लागतो, आणि धुरांतला कार्बन मोनॉक्साइड वायु खालच्या खोलींत पसरतो. तो दिसत नाहीं, त्यास वास नाहीं. झोंपलेल्या माणसास तो जागा होऊं देत नाहीं.

नळीचा उतार बाहेरच्या तोंडाकडे ठेवावा, प्रत्येक सांध्यावर न गंजणाऱ्या पोलादाच्या दोन पट्ट्या आवळाव्या. अधूनमधून नळी हातानें दाबून पाहावी. मऊ, फुगलेली अथवा चिरलेली लागली, तर तिचें वय विचारीत न बसतां ती बदलावी.