परत फिरण्याची विद्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



लहान विमान सुखरूप कसे चालवावे, यावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा प्रथम मला हसूच आले. आपल्यापैकी कितीजणी विमान चालवणार आहेत? पण घाटकोपरात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. २८ जून २०१८ रोजी, दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी जुहूहून निघालेले एक लहान दोन इंजिनांचे विमान पावसाळी हवेत इथेच जागृतीनगरात कोसळले. विमानातील चौघे आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी असे पाचजण गेले. तो दिवस आपण कोणी विसरलेल्या नाही. आकाशात कोणी काय करतो याचा आपल्या अंगणाशी संबंध असतो, तो असा.

मी हौसेखातर विमान चालवायला शिकले, पोटासाठी नव्हे. माझे बालपण पार्ल्याचे. गच्चीवर पापड वाळत घालताना जुहूची लहान विमाने डोक्यावरून जात. १९२८ साली सुरू झालेला तो विमानतळ म्हणजे आपल्या देशातील नागरी विमानविद्येचे माहेरच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एकट्याने तिथेच उतरले. मुंबई फ्लाइंग क्लबही १९२८ चाच. पुढे शहराची गर्दी वाढली आणि त्याचे शिकवण्याचे काम धुळ्यास गेले. आपल्या बायकाही या विद्येत मागे नव्हत्या. १९३६ साली लाहोरला सरला ठकराल साडी नेसून एकट्या उडाल्या, आणि १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी सर्व महिलांच्या हाती असलेले प्रवासी विमान कलकत्त्याहून सिलचरला नेले.

आता मुख्य विषयाकडे वळते. हौशी वैमानिकाचा परवाना सतराव्या वर्षापासून मिळू शकतो. त्यासाठी निदान ४० तासांचे उड्डाण, लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी लागते. पण चाळीस तासांत हात तयार होतो, मन तयार व्हायला वेळ लागतो.

पहिला धडा जमिनीवरच असतो. विमानाभोवती पायी एक फेरी घालायची, हातात यादी घेऊन. पाठ असली तरी यादी वाचायचीच. आपण पुरणाचा स्वयंपाक अंदाजाने करतो आणि तो उतरतोही. पण मीठ राहिले तर पानात वाढून घेता येते, विमानात तशी सोय नाही. पेट्रोलच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. टाकीत पट्टी बुडवून पाहायचे. मग टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या भांड्यात काढून उजेडात धरायचे. हे पेट्रोल निळसर असते. टाकी अर्धी रिकामी राहिली की आपल्या दमट हवेत रात्रीतून आत पाणी सुटते, आणि पाणी जड म्हणून तळाशी बसते. तेच आधी इंजिनात जाते. भांड्यात खाली पाण्याचा थेंब दिसला, तर तो दिसेनासा होईपर्यंत पेट्रोल काढत राहायचे.

दुसरी तपासणी स्वतःची. झोप झाली आहे का? सर्दीची गोळी घेतली आहे का? तिने गुंगी येते, आणि नाक चोंदलेले असताना उंचावरून खाली येताना कान असह्य दुखतात. मन घरच्या भांडणात अडकले आहे का? आणि आपल्यासाठी खास सांगते, हरतालिकेचा निर्जळी उपवास धरून कोणी विमानात बसू नये. देवाला ते चालेल, विमानाला चालणार नाही.

तिसरा धडा वाऱ्याचा. विमान इंजिनाच्या जोरावर लटकत नाही. पंखांवरून नीट वाहणाऱ्या वाऱ्यावर ते तरंगते. नाक फार उचलले की वारा पंखाला धरून वाहत नाही, आधार सुटतो आणि विमान पडू लागते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन धडधडत असतानाही तो होतो. उपाय अगदी साधा, नाक खाली करायचे. पण जमीन जवळ दिसत असता नाक खाली करायला जीव धजत नाही, हात आपोआप वर ओढतो. म्हणून शिक्षक भरपूर उंचीवर नेऊन हा प्रकार पुनःपुन्हा करून घेतात. भीतीच्या वेळी हाताने शहाणपणा करावा एवढ्यासाठी.

चौथा धडा डोळ्यांचा. आपल्याला जे पाहायचे असते तेच दिसते. सांताक्रूझला उतरायचे असलेले परदेशी प्रवासी विमान १५ जुलै १९५३ रोजी चुकून जुहूच्या तोकड्या धावपट्टीवर उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी एका जपानी विमानाचेही तसेच झाले. तेव्हा विमान मोडले, सुदैवाने माणसे वाचली. हे कसलेले वैमानिक होते. दोन्ही विमानतळ शेजारी, दोन्हीकडे धावपट्टी पूर्व-पश्चिम! समोर पट्टी दिसली की मन म्हणते, ‘हीच ती.’ म्हणून पट्टी दिसल्यावरही होकायंत्र आणि खुणा ताडून पाहायच्या.

आता सर्वांत अवघड धडा, आणि तो मी माझ्याच गोष्टीने सांगते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस पार्ल्याला माझ्या भाच्याची मुंज होती. मी धुळ्यास होते. मुहूर्त सकाळी दहाच्या पुढचा. विमानाने जुहू दीड तासाची वाट. आदल्या रात्री वहिनीचा फोन आला, “वन्सं, तुम्ही आल्याशिवाय मातृभोजनाची पंगत बसवणार नाही हं!” सकाळी साडेसहाला मी निघाले. नाशिकपर्यंत आकाश स्वच्छ. इगतपुरीच्या अलीकडे पाहते तो ढग घाटाच्या माथ्यावर येऊन बसलेले. मधे एक फट होती, तीतून कोकणचा हिरवा तुकडा दिसत होता. मनात आले, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे, फटीतून निघून जाऊ.

भगिनींनो, ही पाच मिनिटे फार महाग असतात. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. ढगात नुसत्या यंत्रांवर विमान चालवण्याचे शिक्षण नसलेल्या वीसजणांना, बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिले. विसांपैकी विसांचा ताबा सुटला, आणि तो सरासरी १७८ सेकंदांत! म्हणजे तीन मिनिटेसुद्धा नाहीत. कारण आपल्या कानातला तोल डोळ्यांच्या आधाराने चालतो. क्षितिज दिसेनासे झाले की विमान वळत असता सरळ चालल्याचा भास होतो. त्यात सह्याद्रीसारखा डोंगर खाली असला आणि वारा उताराकडे लोटत असला, तर सावरायला उंचीही उरत नाही.

मी विमान वळवले आणि धुळ्यास परत आले. एस. टी. पकडली आणि दिवेलागणीला पार्ल्यास पोहोचले. बटूची भिक्षावळही उरकली होती. वहिनी दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मला वाईट वाटले, पण त्या रात्री झोप मात्र छान लागली.

कोणी म्हणेल, मग संकट दिसले की परत फिरावे एवढेच का? नाही. एक प्रसंग असा आहे की तिथे मुळीच परत फिरू नये. विमान नुकतेच उडाले आहे, फारशी उंची नाही, आणि इंजिन बंद पडले. अशा वेळी मागच्या धावपट्टीची ओढ लागते. पण तेवढ्या उंचीत वळण पुरे होत नाही, वेग जातो आणि तोच स्टॉल होतो. तिथे नाक खाली करून समोर, थोडे डावी-उजवीकडे, जे मोकळे रान सापडेल तिथे उतरायचे. विमान मोडले तर मोडो. थोडक्यात, उंची, वेग आणि पेट्रोल हातात आहे तोवर परत फिरावे. ते सरल्यावर परतीचा मोह धरू नये. म्हणूनच मी पोहोचण्यापुरत्या पेट्रोलावर कधी निघत नाही, वर पाऊण तासाचे राखूनच निघते. परत फिरण्याची किंमत आधीच गाठीला बांधलेली असली, की परत फिरायला मन कचरत नाही.

आता आपला सर्वांचा यात भाग काय? आज उपनगरांतल्या पुष्कळ मुली-मुले वैमानिक होण्यासाठी धुळ्यास, बारामतीस जातात. कदाचित या सभागृहातल्याच एखादीची लेक असेल. त्या फटीकडे पाहताना माझ्या डोक्यात वारा नव्हता, ढग नव्हते, वहिनींची पंगत होती. वैमानिकाला ढगात लोटणारा हात पुष्कळदा घरचा असतो आणि तो मायेचा असतो. म्हणून तुमच्याजवळ एकच मागणे आहे. लेक उडायला निघाली की ‘किती वाजता पोहोचशील?’ असे विचारू नका. ‘नाही जमले तर परत जा, आम्ही पाने मागाहून वाढू,’ एवढे तिला सांगा. आणि ती उशिरा, एस. टी.च्या धुळीने माखून दारात आली, तर काही न विचारता आधी गरम चहा द्या.

आमच्या वहिनींनी तिसऱ्या दिवशी मला तो दिला. मुंजीचे दोन लाडू त्यांनी डब्यात माझ्या नावाने बाजूला काढून ठेवले होते.