फॉरमॅट मारायची घाई नको

सावेडीतल्या झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह घरी आणावा, कॉम्प्युटरला लावावा, आणि मुलांच्या फोटोंच्या फोल्डरवर एकदम छोटा बाण दिसावा. फोल्डर उघडायचा तर नुसता शॉर्टकट! जीव कासावीस होतो. पण बहुतेक वेळा फोटो गेलेले नसतात. व्हायरसने ते फक्त लपवलेले असतात, म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका.

त्या बाणावर पुन्हा क्लिक करू नका. आधी इंटरनेट तोडा. मग सेफ मोडमध्ये अँटीव्हायरसने कॉम्प्युटर आणि पेनड्राइव्ह दोन्ही पूर्ण तपासा. व्हायरस निघाला, की ‘ॲट्रिब’ या कमांडने लपलेल्या फायली परत दिसू लागतात. व्हायरसने पासवर्डही चोरला असू शकतो, म्हणून बँकेचा पासवर्ड मात्र दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरूनच बदला.

केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर २०१७ पासून सफाईची साधने मोफत मिळतात. त्यातलं एक आपल्या पुण्याच्या क्विक हीलचं. या कंपनीचे संस्थापक कैलास काटकर आधी कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले, त्यातून ही कंपनी उभी राहिली.

फायली कुलूपबंद करून कुणी खंडणी मागितली, तर पैसे देऊ नका. पैसे आधीच गेले असतील, तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.