जुनी गाडी आणि तिचा मिस्त्री



या व्यासपीठावरून आपण विद्वानांची व्याख्याने ऐकत आला आहात. आमची योग्यता तेवढी नाही. आमची शाळा नववीतच सुटली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, कारखान्यांच्या दाराशी आणि एका जुन्या मोटारसायकलीपाशी उकिडवे बसून. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही कामगार कायदा न सांगता 'जुन्या गाड्या' असे सांगितले, आणि ते जरा बिचकले. युनियनच्या माणसाला हा श्रीमंती शौक कुठून लागला, असे त्यांना वाटले असावे. आपल्यापैकी काहींनाही तसे वाटत असेल. म्हणून प्रथम ही गाडी आमच्याकडे कशी आली ते सांगतो.

१९९८ साली संघटनेच्या कामासाठी आम्हाला वाहन हवे होते. नव्या गाडीला पैसे नव्हते. कोल्हापुरात एका गृहस्थांची जुनी येझदी परसात पडून होती, ती आम्ही घेतली. या गाडीचे घराणे मोठे. १९२९ साली चेकोस्लोव्हाकियात यानेचेक नावाच्या कारखानदाराने वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनविण्याचा हक्क घेतला, आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हे नाव तयार झाले. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात या गाड्या बनू लागल्या. १९७३ पासून त्यांना 'येझदी' हे नाव मिळाले. आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. म्हणजे आम्ही गाडी घेतली तेव्हा तिचे माहेर तुटलेले होते. पुढे २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावे घेऊन नव्या गाड्या बाजारात आल्या खऱ्या, परंतु त्यांची इंजिने चार स्ट्रोकची. जुन्या इंजिनाला त्यांचा काही उपयोग नाही.

आता हे जुने इंजिन कसे चालते ते थोडक्यात सांगतो, कारण ते समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. ते दोन स्ट्रोकचे. चार स्ट्रोकच्या इंजिनात तेल खाली साठवलेले असते आणि तेथून ते सगळीकडे फिरते. दोन स्ट्रोकच्या या इंजिनात तशी सोय नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. आम्ही लिटरला चाळीस मिलिलिटर घालतो. ते जाता जाता क्रँकच्या बेअरिंगांना आणि पिस्टनला वंगण देते आणि शेवटी धुरावाटे बाहेर पडते. तेल कमी पडले तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरून बसतो. क्रँकच्या दोन्ही बाजूंना रबरी सील असतात. ते कडक होऊन फटले की बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोलचे मिश्रण पातळ होते आणि पिस्टन तसाच तापतो. गाडी नुसती उभी राहिली तरी रबर कडक होते. तेव्हा जुनी गाडी झाकून ठेवल्याने टिकते हा समज चुकीचा आहे. ती चालवल्यानेच टिकते.

हे सारे आज आम्ही ऐटीत सांगतो, पण ते शिकलो फजितीतून. २००३ सालच्या मे महिन्यात पुण्याची सभा आटोपून आम्ही परत निघालो. वाटेत पेट्रोल भरले आणि घाईघाईने तेल अंदाजानेच ओतले. खंबाटकीचा घाट अर्धा चढलो आणि इंजिन एकदम आवळले. मागचे चाक घसरत गेले. पडलो नाही, हे नशीब. गाडी टेंपोत घालून कोल्हापूरला आणली आणि उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींच्या दारात उतरवली. त्यांनी सिलिंडर उघडला, पिस्टनवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "आण्णा, बैल उपाशी ठिवून घाटाला जुंपलासा व्हय?"

मंडळी, पुढचे आठ दिवस आम्ही त्या शेडमध्ये जे पाहिले ते कुठल्याही पुस्तकात वाचले नव्हते. मिस्त्रींनी कशालाही हात लावण्याआधी मापे घेतली. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली किती झिजला आहे, ते पाहिले. शेजारच्या लेथवाल्याकडून तो पुढच्या मापाला बोअर करून घेतला. नवी रिंग नुसती सिलिंडरमध्ये बसवून तिच्या टोकांमधली फट पाहिली, कानशीने किंचित घासली, पुन्हा पाहिली. दोन्ही सील बदलले. सायलेन्सरची आतली नळी काढून वर्षानुवर्षांची काजळी जाळून साफ केली. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर ठेवली. पहिल्या किकला इंजिन बोलले, तेव्हा त्यांनी डोळे मिटून ते नुसते ऐकले आणि कार्बोरेटरचा स्क्रू पाव वळसा फिरवला.

मग बिलाची वेळ आली. पिस्टनच्या डब्यावर किंमत छापलेली होती, ती आम्ही मुकाट्याने दिली. बोअरिंगचे पैसे दिले. आठ दिवसांच्या मजुरीचे मिस्त्रींनी चारशे रुपये सांगितले आणि आम्ही, सवयीने म्हणा, "तीनशे घ्या" म्हणालो. मिस्त्री रागावले नाहीत. हात पुसत एवढेच म्हणाले, "आण्णा, गेटावर मजुरीसाठी भांडतासा, आन् हितं मजुरीवरच घासाघीस?"

आम्ही पाचशे ठेवले आणि खाली मान घालून बाहेर पडलो. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या दिवशीच ठरला, असे म्हणावयास हरकत नाही. धातूच्या तुकड्याची किंमत आपण निमूटपणे देतो आणि माणसाच्या हातावर मात्र घासाघीस करतो, ही खोड आमच्यासारख्यालाही होती.

तेव्हापासून आम्ही गाडीकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. काही वर्षांनी मित्रांनी आग्रह केला की गाडी प्रदर्शनाला न्या, सगळ्या भागांना नवे क्रोम चढवा. क्रोमचा मुलामा म्हणजे काय हे आम्हाला कामामुळे ठाऊक होते. त्या हौदांवरून उठणारी वाफ वर्षानुवर्षे नाकात गेली की नाकाचा मधला पडदा झिजतो आणि त्याला भोक पडते. अशी नाके आम्ही पाहिली आहेत. जुन्या ब्रेकच्या लायनिंगचेही तसेच. त्यांत पुष्कळदा ॲस्बेस्टॉस असे, आणि पोरगा फुंकर मारून ती धूळ उडवतो तेव्हा ती त्याच्या फुप्फुसात जाते. म्हणून आमच्या गाडीचे चिखलरोधक आम्ही रंगवून घेतले. मुलामा फक्त गंजलेल्या हँडलला दिला, आणि तोही वाफ खेचणारा पंखा व हातमोजे असलेल्या दुकानात. ब्रेकची धूळ ओल्या फडक्याने पुसतो. गाडी प्रदर्शनात चमकली नाही, पण तिच्यापायी कोणाचे नाकही गेले नाही.

जुन्या गाड्यांना आता सरकारदरबारीही मान मिळू लागला आहे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू झाली आणि त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे आली. हे चांगलेच झाले. परंतु मूळ स्वरूप राखावयाचे कोणी? २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा अनेकांना गहिवरून आले. आम्हालाही आले. पण आमच्या डोळ्यांपुढे कुर्ल्याच्या कारखान्यात ती जोडणारे हात होते, आणि ती दोन-दोन दशके चालती ठेवणारे गॅरेजवाल्यांचे हात होते. गाडीच्या फोटोत ते हात येत नाहीत. प्रदर्शनात ढाल मालकाला मिळते, आणि ज्याने रिंग घासली तो कुंपणाबाहेर उभा असतो.

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या मिस्त्रींची नजर गेली. शेड बंद झाले. मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे, आणि त्याला दोष देता येत नाही. बापाच्या मजुरीवर लोक घासाघीस करताना त्याने लहानपणापासून पाहिले आहे. त्यांच्या कानात जे होते ते कोणी लिहून घेतले नाही. आम्ही लिहून घेतले ते एक वहीभर, आणि तेही उशिरा.

म्हणून आपल्याला तीन विनंत्या करतो. पहिली अशी की, ज्यांच्या घरी आजोबांची लँब्रेटा, वडिलांची चेतक किंवा एखादी फियाट पडून असेल त्यांनी ती महिन्यातून एकदा तरी चालवावी. आणि ती बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला सोसत नाही. दुसरी विनंती, गाडीची एक वही ठेवावी. काय काम केले, केव्हा केले हे तर लिहावेच, पण कोणी केले त्याचे नावही लिहावे. तिसरी विनंती, मजुरीवर घासाघीस करू नये, आणि मिस्त्रींच्या हाताखाली एखादा आयटीआयचा मुलगा शिकत असेल तर त्याचेही पैसे बिलात आनंदाने द्यावेत. तो मुलगा टिकला तरच तुमची गाडी टिकेल.

आमची येझदी बाहेर उभी आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी अवश्य पाहावी. वही सीटखालच्या पिशवीत आहे. तिच्या पहिल्या पानावर आमचे नाव नाही, मिस्त्रींचे आहे.