लाइट बिल कुणाच्या नावावर आहे?



हक्कांवरची भाषणं तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. मी आज एका साध्या कागदावर बोलणार आहे. तो दर महिन्याला आपल्या घरी, दुकानात, कारखान्यात येतो. आपण त्यावरची रक्कम बघतो, कपाळाला आठ्या पाडतो आणि तो खिळ्याला अडकवून टाकतो. लाइट बिल.

मालेगाव किंवा भिवंडी घ्या. ही शहरं यंत्रमागावर जगतात. वीज गेली की माग थांबतो. कारागिराला मजुरी विणलेल्या कापडावर मिळते, म्हणून त्याच्या घरची चूलही त्याच क्षणी मंदावते. म्हणजे वीज हा आपल्याकडे सोयीचा विषय नाही, रोजीचा आहे. तरीही त्याचे नियम माहीत असलेला माणूस मोहल्ल्यात शोधावा लागतो. मग एजंट सापडतो आणि तो पैसे घेऊन अर्धीच गोष्ट सांगतो.

बिलावर तीन गोष्टी बघा. पहिली, नाव. आपले कितीतरी धंदे भाड्याच्या गाळ्यात चालतात आणि मीटर जुन्या मालकाच्या, कधी वारलेल्या आजोबांच्या नावावर असतं. 'मालक नाही म्हणतो, मग आपण काय करणार?' असं ऐकू येतं. वीज कायदा २००३ चं कलम ४३ काय म्हणतं? जागेचा मालक किंवा जागेचा ताबा असणारा, दोघांपैकी कुणीही अर्ज करू शकतो. भाडेकरूही त्यात आला. त्यासाठी जागेच्या ताब्याचा कागदी पुरावा हवा. तोंडी विश्वासावर चाललेला व्यवहार इथे उपयोगी पडत नाही. नवीन लाइन टाकावी लागत नसेल, तर केंद्राच्या २०२४ च्या सुधारित नियमांनुसार महानगरांबाहेरच्या महापालिका-नगरपालिका हद्दीत पूर्ण अर्जानंतर ७ दिवसांत जोडणी मिळायला हवी. म्हणून अर्जाची पोच घ्या. पोच नसेल तर ७ दिवस कुठून मोजणार?

दुसरी गोष्ट, मंजूर भार. दोन माग वाढवले, पण भार वाढवून घेतला नाही, असं सर्रास होतं. यंत्रमागाच्या वीजसवलतीत सरकार २७ एचपीच्या आतले आणि वरचे असे दोन गट करत आलं आहे. तुमचा भार कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे सवलत मागण्याआधी तुम्हालाच माहीत हवं.

तिसरी, वापराचा प्रकार. घरगुती मीटरवर मोठं दुकान किंवा कारखाना चालवला, तर तो अनधिकृत वापर ठरतो. कलम १२६ प्रमाणे त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. किती दिवसांपासून वापर चालू आहे ते कळलं नाही, तर मागचं एक वर्ष धरलं जातं. छोटा धंदा त्यात बसतो.

पण इथे बहिणींसाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. घरातल्या एका कोपऱ्यात शिलाई किंवा पार्लर चालवणाऱ्या मुली घाबरून असतात. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांनी घरातल्या अशा छोट्या व्यवसायाला घरगुती दरातच जागा दिली आहे. त्यासाठी वापर महिन्याला ३०० युनिटच्या आणि आधीच्या वर्षात ३६०० युनिटच्या आत हवा. दर-आदेश बदलत असतात, म्हणून चालू आदेश डाउनलोड करून ते पान जवळ ठेवा. कुणी दमदाटी केली तर वाद घालू नका, पान दाखवा.

आता बिल चुकीचं आलं तर? आपल्याकडे दोनच रस्ते दिसतात. एकतर गुपचूप भरायचं, नाहीतर ऑफिसात जाऊन आरडाओरडा करायचा. कायद्यात तिसरा रस्ता आहे. कलम ५६ सांगतं की थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रकमेबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली जी कमी असेल ती 'हरकत नोंदवून' भरा. वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. ही एक ओळ माहीत असती, तर किती कारखान्यांचे किती दिवस वाचले असते!

तक्रार कुणाकडे करायची, यातही गोंधळ आहे. भिवंडीत २००७ पासून आणि मालेगावात २०२० पासून वीजवितरणाचं काम फ्रँचायझी कंपनीकडे आहे. मीटर, बिल, दुरुस्ती ती बघते. पण परवाना महावितरणचाच आहे. त्यामुळे ग्राहक तक्रार निवारण मंचाचा दरवाजा या शहरांनाही उघडा आहे, आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल आहे. मंचासमोर वकील लागत नाही. लागतात ती बिलं, अर्जाच्या पोचपावत्या आणि तारखा. एक फाइल करा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेत तरी चालेल.

हे सगळं मी का सांगतो आहे? आपल्या वस्त्यांबद्दल 'हे लोक बिल भरत नाहीत' असं सहज बोललं जातं. त्या बोलण्याचा राग येतो, यायलाच हवा. पण आपल्यातला कुणी आकडा टाकत असेल, तर तेही लपवायचं कारण नाही. कलम १३५ प्रमाणे ती चोरी आहे, आणि शेजारच्या प्रामाणिक ग्राहकाचा व्होल्टेज त्यामुळेच पडतो. चोरीला चोरी म्हणणारा माणूसच चुकीच्या बिलाविरुद्ध ताठ मानेने उभा राहू शकतो. शिवाय नावावरचं बिल पुढेही उपयोगी पडतं. बँकेत, जीएसटी नोंदणीत धंद्याच्या जागेचा पुरावा म्हणून पहिल्यांदा तेच मागतात.

शेवटचं. विजेचे दर बंद खोलीत ठरत नाहीत. कंपनीची दरवाढीची मागणी वर्तमानपत्रात जाहीर करावी लागते, आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोगाला निर्णय द्यावा लागतो. कलम ६४ आहे ते. मोठे उद्योग तिथे तज्ज्ञ पाठवतात. चार माग चालवणाऱ्याची बाजू कोण मांडणार? त्याच्या घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी. मराठीत एक पानाची हरकत लिहिता येते, तेवढं शिक्षण आपल्याकडे नक्की आहे.

म्हणून आज घरी गेल्यावर खिळ्यावरचं बिल काढा. नाव, भार, प्रकार वाचा. मग शेजारच्या चाचांचं, खालांचंही वाचून द्या. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने दोन बिलं घेऊन यायची आहेत. अर्ज आपण तिथेच बसून लिहू.