रोप लावणे आणि रोप जगविणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वृक्षारोपणासंबंधी भरलेल्या सभेत तंजावर येथे केलेले भाषण)



पन्नास वर्षांच्या स्मृतीसाठी पन्नास देशी वृक्ष लावण्याचा संकल्प मंडळाने सोडला आहे. त्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. मात्र समारंभासाठी आषाढाचा मुहूर्त सुचविला गेला आहे, त्याविषयी बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मृग बरसला की रोप लावावे, ही आपली महाराष्ट्रातील रीत. 1950 साली सुरू झालेला वनमहोत्सवही जुलैच्या आरंभीच येतो. परंतु तंजावरचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. आषाढात लावलेले रोप चार सरींच्या आशेवर राहते आणि मुळे पसरण्यापूर्वीच करपते. तेच रोप ऐप्पसी महिन्यात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास लावले, तर मुळे खोल नेण्यास त्याला दोन महिन्यांची ओल लाभते.

ऋतूइतकीच भूमीही पाहावी लागते. कावेरीच्या चिकण मातीत पाणी तुंबते व मुळे गुदमरतात. तेथे अर्जुन, करंज, जांभूळ तग धरतात. वल्लमकडील तांबड्या, मुरमाड जमिनीत खिरणी व अंजनी लावावीत. या किनारपट्टीच्या शुष्क सदाहरित वनांतील ते जुने वृक्ष होत. करंज लवकर वाढतो. खिरणी मात्र पहिली काही वर्षे जागची हलत नाही असे वाटते. त्या काळात ती जमिनीखाली वाढत असते. तिला खुरटी समजून कोणी उपटू नये!

रोपवाटिकेत आपला हात उंच रोपाकडे जातो. वास्तविक पाहावी ती बुंध्याची जाडी. पिशवीत मुळांचा वेटोळा झालेले उंच रोप पुढे वाऱ्यात डगमगते. 16 नोव्हेंबर 2018 रोजी गज चक्रीवादळाने पट्टुकोट्टै भागातील नारळीच्या बागा कशा आडव्या केल्या, हे आपण जाणतोच. या जिल्ह्यात वृक्षाचे मूळ भक्कम असणे ही चैन नव्हे, ती गरज आहे.

खरी कसोटी पहिल्या दोन उन्हाळ्यांची. अग्निनक्षत्राच्या दिवसांत रोज शिंपडा मारण्यापेक्षा आठवड्यातून एकदा आळे भरून पाणी द्यावे. त्याने मुळे खाली उतरतात. आळ्यात भाताचा पेंढा पसरावा, परंतु वाळवीच्या भयाने तो खोडापासून वीतभर दूर ठेवावा. शेळ्यांसाठी काटेरी कुंपण हवेच.

वृक्षारोपणाचे अहवाल बहुधा लावलेल्या रोपांच्या संख्येपाशी थांबतात. आमची विनंती अशी की, समारंभ दिवाळीपर्यंत पुढे न्यावा. एकेक रोप एकेका कुटुंबाने तीन वर्षांसाठी पत्करावे. आणि तिसऱ्या दिवाळीला जिवंत रोपांची मोजदाद करून तीच संख्या मंडळाच्या दप्तरी नोंदवावी. पन्नास कुटुंबे पुढे येणार नसतील, तर वीसच रोपे लावावीत. वाळलेल्या काटक्यांवर सुवर्णमहोत्सवाची पाटी शोभणार नाही.

1855 साली येथील भोसल्यांचे राज्य संपले, तरी तंजावरची मराठी घरे टिकली. आपली भाषा घरात राखून त्यांनी येथल्या मातीची, पाण्याची आणि ऋतूंची रीत आपलीशी केली. आपल्या रोपांनाही तीच रीत लागू आहे. तेव्हा मुहूर्त पंचांगाबरोबरच येथल्या पावसालाही विचारून धरावा, इतकेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.